झोपते कुठे, यावरून अडलेली उमेदवारी

प्रति,
मा. निवडणूक अधिकारी (श्री. लॉरेन टिमरमन),
हार्लिस काउंटी कचेरी, तळमजला,
बेल्डन क्रॉसिंग, नेब्रास्का.

अर्जदार: सौ. लव्हॉन डेलमार कुचेरा,
राहणार कुचेरा यांचे शेत, खडीचा रस्ता, विलो फोर्क.
(पत्ता मी अजून असाच लिहिते. आपली हरकत असल्यास कळवावे.)

विषय: विलो फोर्क शाळा मंडळाच्या निवडणुकीत माझे नाव मतपत्रिकेवर कायम ठेवण्याबाबत, तसेच येत्या शनिवारी सकाळी आमच्या घरी मोजपट्टी घेऊन हजर राहण्याबाबत.

संदर्भ: १) आपले दिनांक ११ मार्चचे पत्र. २) आपल्याच कचेरीतील बांधकाम परवान्याच्या टेबलाचे दिनांक १८ मार्चचे पत्र, जे पहिल्या पत्राने उघडलेले दार बंद करते. ३) आपण मला फोनवर दिलेला सल्ला.

महोदय,

१. या विषयावर आपल्या कचेरीत मी करीत असलेला हा तिसरा अर्ज आहे. पहिले दोन अर्ज मी अत्यंत नम्रपणे लिहिले होते व त्यांना आलेली उत्तरेही अत्यंत नम्र होती, त्यामुळे काम काहीच झाले नाही. हाही अर्ज मी नम्रपणेच लिहायला बसले आहे, परंतु तो शेवटपर्यंत तसा राहील याची खात्री देता येत नाही. मध्येच कुठे आवाज चढल्यासारखा वाटला तर कृपया वाचन थांबवू नये, कारण मुद्द्याची गोष्ट बहुधा तिथेच असेल.

२. मी निवडणुकीला का उभी राहिले, हे आपल्या कुठल्याही पत्रात विचारलेले नाही. तरी सांगते. विलो फोर्कची प्राथमिक शाळा बंद करून मुलांना ऑस्टर्विलला पाठवायचे की नाही, यावर जूनमध्ये मंडळात मतदान आहे. बंद करा म्हणणारे तीन, चालू ठेवा म्हणणारे दोन. त्या तिघांपैकी फक्त अध्यक्ष श्री. कर्टिस वेलब्रोक यांची जागा या मे महिन्यात निवडणुकीला आहे. ती जागा त्यांच्याकडे राहिली तर शाळा जाते, त्यांच्याकडून गेली तर शाळा राहते. हे गणित गावातल्या प्रत्येकाला येते, आणि जानेवारीपासून प्रत्येक जण ते दुसऱ्याला समजावून सांगत होता.

धान्य गोदामातल्या कॉफीच्या टेबलाशी तर रोज सकाळी तीच रड. मी कोंबड्यांचे खाद्य आणायला गेले होते तेव्हा व्हर्जिल हाव्रानेक म्हणत होते, "कुणीतरी उभं राहायला पाहिजे बुवा त्या कर्टिसच्या विरोधात." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि आपापल्या कपात बघत बसले. मी म्हटले, "मग राहा की तू, व्हर्जिल." तर म्हणतात, "अगं, माझा मका आहे ना पेरायचा." मी म्हटले, "मका काय मंडळाच्या बैठकीत जाऊन बसणार आहे?" दुसऱ्याची डुकरे होती, तिसऱ्याचा गुडघा होता. शेवटी माझेच डोके फिरले आणि मी म्हटले, "ठीक आहे, मी राहते." तेव्हा मात्र सगळ्यांचे चेहरे उजळले. "आम्ही आहोत तुझ्या पाठीशी, लव्हॉन!" असे एका सुरात म्हणाले. पाठीशी म्हणजे बरेच मागे, हे मला पुढे कळले.

३. माझी नात जोसी दुसरीत आहे. तिची आई, म्हणजे माझी मुलगी टेरेसा, वृद्धाश्रमात पहाटेच्या पाळीला असते, म्हणून जोसीला शाळेत मी सोडते. ऑस्टर्विलची बस सुरू झाली तर जाताना तास-सव्वा तास आणि येताना तितकाच, सगळा खडीचा रस्ता. जोसीला गाडी लागते. चर्चपर्यंत गेलो तरी मी मांडीवर डबा घेऊन बसते. आता तिच्या शाळेत गुरुवारी जेवणात राजम्याची तिखट चिली आणि दालचिनीचा गोड रोल असतो आणि ती घरी येऊन आधी तेच सांगते. ऑस्टर्विलहून परत येईपर्यंत तो रोल पोटात राहायचा नाही. आपणांस हे किरकोळ वाटेल. मला वाटत नाही.

आणखी एक गोष्ट. आमच्याकडे मत मागत फिरायची पद्धत नाही, हे आपण जाणताच. दारोदार जाणाऱ्याला लोक विमा विकणारा समजून कुत्रा सोडतात. उमेदवाराचे नाव मतपत्रिकेवर छापले जाते आणि काय ठरवायचे ते लोक मनात ठरवतात. त्यामुळे माझी सगळी निवडणूक म्हणजे मतपत्रिकेवरची ती एक ओळ. उमेदवारीची मुदतही टळून गेली आहे, दुसरे कुणी उभे राहू शकत नाही. माझे नाव वगळले तर श्री. वेलब्रोक बिनविरोध येतात आणि शाळेला जूनमध्ये कुलूप लागते.

४. आता हरकतीबद्दल. मुदत संपली त्याच्या दुसऱ्याच दिवशी श्री. वेलब्रोक यांचे मेव्हणे गेलन प्रॉसर यांनी आपल्याकडे हरकत नोंदवली, की सौ. कुचेरा विलो फोर्कच्या शाळा हद्दीत राहतच नाहीत. मी ऐकले तेव्हा हसले. मी या घरात पन्नास वर्षांपूर्वी लग्न होऊन आले. माझी चारही मुले त्याच शाळेत शिकली. गेलन स्वतः आमच्याकडे कितीदा तरी जेवून गेला आहे, तेव्हा आपण कुठल्या हद्दीत जेवतो आहोत हे त्याने कधी विचारले नाही.

यात चूक कुणाची, हे शोधायला गेले तर माझे पती डेलमार यांच्या आजोबांपर्यंत जावे लागते. धुळीच्या वादळांच्या काळात सरकारने रोपे वाटली तेव्हा त्यांनी वारा अडवायला घराच्या पश्चिमेला देवदाराची रांग लावली. ती लावायची होती जुन्या मोजणीच्या हद्दीवर, जी घराला लागूनच होती. पण झाडांची रांग घराच्या फार जवळ आली की वाऱ्याने येणारे बर्फ तिला अडून नेमके दारात साठते, आणि आजोबा दर सकाळी फावडे मारणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी रांग हद्दीच्या पलीकडे चांगली लांब सरकवली. पलीकडची जमीनही त्यांचीच, विचारायचे कुणाला? पुढे लोक 'कुचेरांच्या झाडांपर्यंत विलो फोर्क' असे म्हणू लागले. ज्यांनी शाळांच्या हद्दी आखल्या त्यांनीही गाडीतून न उतरता झाडेच धरली. गेल्या वर्षी काउंटीने विमानातून नवा नकाशा काढला तेव्हा त्यात झाडे न धरता जमिनीतले जुने मोजणीचे दगड धरले, आणि रेघ झाडांवरून उठून आमच्या घरात आली.

आपण मोजणीसाठी पाठवलेली कुमारी ओर्टेगा ही फार भली मुलगी. गुलाबी फडकी बांधलेल्या खुंट्या ठोकत ती घराला वळसा घालून आली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "बाई, रागावू नका, पण रेघ तुमच्या आतल्या दारातून जातेय." तिने दाखवले ते असे: स्वयंपाकघर, बसायची खोली आणि जिना विलो फोर्कमध्ये. झोपायची खोली ऑस्टर्विलमध्ये. मी तिला ॲपल पाय वाढला, कारण तिचा काही दोष नव्हता. डेलमार आतल्या खोलीतून ऐकत होते. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आल्यापासून ते सावकाश बोलतात, पण खोड गेलेली नाही. ते म्हणाले, "म्हणजे पन्नास वर्षं ही बाई रोज परगावी येतेय माझ्याकडे झोपायला?" ओर्टेगाबाईंना ठसका लागला.

५. सदर खोलीबद्दल थोडे सांगणे भाग आहे, कारण आपल्या पत्रात तिचा उल्लेख 'वादग्रस्त शयनकक्ष' असा आहे. ती खोली म्हणजे पूर्वीची शाळा आहे. आमच्या रस्त्याच्या टोकाला एका खोलीची शाळा होती, तिथे आठही इयत्तांची मुले एकाच शेगडीभोवती बसत. डेलमार त्या शाळेत शिकले. मुले कमी झाली म्हणून ती बंद केली, लिलावात काढली, आणि सासऱ्यांनी ती घेऊन लाकडी ओंडक्यांवरून ओढत घरी आणली. आधी तिच्यात ओट्स भरत. आमचे लग्न ठरले तेव्हा ती झाडूनपुसून घराच्या पश्चिम अंगाला जोडून दिली. भिंतीवर फळा होता तिथे आता माझे कपड्यांचे कपाट आहे. शाळा बंद झाली की तिचे काय होते, हे बैठकीत आकडे दाखवून कुणी सांगायची मला गरज नाही. मी तिच्यात झोपते.

६. आपल्या ११ मार्चच्या पत्रात आपण निर्णय दिला, की माणूस जिथे झोपतो तिथला तो रहिवासी. मी आपल्याला विचारले होते, की जिथे रांधतो, खातो, भांडतो आणि ज्याच्या दाराशी टपालपेटी आहे तिथला का नाही? आपण उत्तर दिलेत, की नियमात स्वयंपाकाचा उल्लेख नाही. नियम करणाऱ्यांना जेवण आयते मिळत असणार. असो. त्यानंतर आपण फोनवर मला सल्ला दिलात, की मी ऑस्टर्विलच्या मंडळासाठी उभे राहावे. "तिकडे एक जागा रिकामीच आहे, लव्हॉनबाई," असे आपले शब्द होते. लॉरेन, मी तुला रविवारच्या धर्मवर्गात तीन वर्षे शिकवले. तेव्हाही तुला गोष्टीतले सगळे आठवायचे, फक्त गोष्ट कशाबद्दल होती ते सोडून. (वरील दोन वाक्ये अर्जातून वगळलेली समजावीत. पान पुन्हा लिहायला मला वेळ नाही.)

त्याच पत्रात आपण अशी सवलत दिली, की सोमवार दिनांक २५ मार्चला संध्याकाळी पाचपर्यंत माझी झोपण्याची जागा विलो फोर्क हद्दीत असल्याचे दाखवले, तर हरकत फेटाळली जाईल. वाचून मला हायसे वाटले. मी म्हटले, पलंग उचलायचा आणि बसायच्या खोलीत ठेवायचा, झाले काम.

७. ते काम झाले नाही. डेलमारचा पलंग दवाखान्याचा आहे, लोखंडी, वरखाली होणारा, खोलीत आणून तिथेच कायमचा जोडलेला. त्यांना उचलायची दोरीची झोळी छताच्या तुळईला कायमची बसवलेली आहे. जुन्या घराचे आतले दार इतके अरुंद, की पलंग आडवा, उभा, तिरका, कसाच जात नाही. जावई आणि त्याचा भाऊ एक सकाळ घाम गाळून बघून गेले, चौकटीचा रंग तेवढा निघाला. मग मी एकटीच बसायच्या खोलीतल्या कोचावर झोपू लागले. पण डेलमारना कूस बदलून द्यावी लागते, आणि ते हाक मारत नाहीत. कळ आली तरी दात आवळून पडून राहतात, कारण 'लव्हॉनची निवडणूक आहे'. दुसऱ्या दिवशी मला त्यांच्या पाठीवर लाल चट्टा दिसला. त्यानंतर मी कोचाकडे फिरकले नाही. आपल्या नियमासाठी मी माझ्या नवऱ्याच्या पाठीला जखम होऊ देणार नाही, हे इथे स्पष्ट लिहिते. आवाज चढलेला वाटत असेल तर तो चढलेलाच आहे.

हे सांगायला मी आपल्या कचेरीत आले तेव्हा आपण जेवायला गेला होता. आपल्या कारकून मार्लिसबाई यांनी माझ्यापुढे शपथपत्र ठेवले आणि हळूच म्हणाल्या, "अगं, लिही की कोचावर झोपते म्हणून. कोण येतंय बघायला?" मी म्हटले, "मार्लिस, शपथेवर?" त्या म्हणाल्या, "अगं, त्या कर्टिसनं गेल्या खेपेला गाडीच्या परवान्यावर वजन किती लिहिलं होतं माहितेय तुला?" त्यांचा हेतू चांगला होता, म्हणून त्यांना बोल लावू नये. पण मी सही केली नाही. मुलांच्या शाळेसाठी उभी राहणारी बाई पहिलीच सही खोटी करणार असेल तर तिने घरीच बसावे. शपथपत्र कोरे परत दिले, ते आपल्याकडे आहे.

८. मग राहिला एकच उपाय. बाई पलंगाकडे यायची तर पलंग हद्दीत पाहिजे, आणि पलंग दारातून निघत नाही. तेव्हा खोलीच हलवायची. हे माझ्या डोक्यातून निघालेले नाही. आर्लिन सोबोत्का हे धान्याची कोठारे आणि गाईंच्या शेड एका शेतातून दुसऱ्या शेतात ओढून नेण्याचे काम करतात. त्यांनी खोलीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून बघितले आणि म्हणाले, "ही एकदा ओढत आलीच आहे. तिला सवय आहे." खोली घरापासून सोडवायची, खाली तुळया सरकवायच्या आणि ओढत घराच्या पूर्वेला, कपडे वाळत घालायच्या जागी आणून ओसरीला लावायची. ओसरीचे दार रुंद आहे. सगळे आमच्याच अंगणात, रस्ता ओलांडायचा नाही, कुणाच्या कुंपणाला धक्का नाही.

डेलमारना त्या दिवशी टेरेसाकडे नेऊन बसवू म्हटले तर ते ऐकेनात. आर्लिन म्हणाले, "अहो, हादरे बसतील. पडलात बिडलात तर?" डेलमार म्हणाले, "मी पडूनच आहे." ते पलंगावरून उठणार नाहीत, आणि एकदा नाही म्हटल्यावर त्यांना हलवणे खोली हलवण्याहून अवघड आहे. आर्लिन यांनी नाइलाजाने पलंगाची चाके जखडून द्यायचे कबूल केले आहे.

९. मी कायद्याने चालणारी बाई असल्याने परवाना लागतो का, हे विचारायला आपल्याच कचेरीतल्या दुसऱ्या टेबलाकडे गेले. तिथे माझ्या नाकी नऊ आले. १८ मार्चच्या त्यांच्या पत्राप्रमाणे, एखादी इमारत किंवा इमारतीचा भाग एका शाळा हद्दीतून दुसऱ्या शाळा हद्दीत न्यायचा असेल तर दोन्ही मंडळांच्या अध्यक्षांची लेखी संमती लागते. म्हणजे आपले टेबल म्हणते, खोली हद्दीत आणा. पलीकडचे टेबल म्हणते, आणायची तर श्री. वेलब्रोक यांना विचारा. श्री. वेलब्रोक यांच्याविरुद्ध मी उभी आहे. माझ्या उमेदवारीला माझ्याच प्रतिस्पर्ध्याची सही लागते, असा याचा सरळ अर्थ. मी त्या टेबलावरच्या तरुणाला हे समजावून सांगितले. तो म्हणाला, "नियम सगळ्यांना सारखाच आहे, बाई." मी विचारले, या नियमाखाली आजवर कितींनी झोपायची खोली हलवली? तो म्हणाला, बघून सांगतो. अजून बघतोच आहे.

ऑस्टर्विलच्या अध्यक्षांनी उभ्या उभ्या सही केली. त्यांना वाटले मी चर्चच्या सूप-पार्टीची तिकिटे विकते आहे.

१०. श्री. वेलब्रोक यांच्याकडे मी काल गेले. ते यंत्रांच्या शेडमध्ये ट्रॅक्टरखाली होते. बाहेर आले, हात पुसले, कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "लव्हॉन, सही मी करणार नाही. हरकत गेलननं घेतली आणि संमती मी दिली, तर माझी बहीण मला थँक्सगिव्हिंगला दारात उभं करायची नाही." मी म्हटले, "तुझ्या टर्कीच्या जेवणासाठी गावाची शाळा घालवतोस?" त्यावर ते चिडले. "मुलं राहिलीत किती ते बघ. छत गळतंय. बॉयलर कुणाच्या आजोबांच्या वेळचा. मी काय हौसेनं बंद करतोय? मी पण त्याच शाळेत शिकलोय. मला राक्षस ठरवू नकोस." मी म्हटले, "राक्षस नाहीस, हट्टी आहेस." ते म्हणाले, "आणि तू काय लोण्याची आहेस?"

मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि निघाले. गाडीत बसले तेव्हा डोळे भरून आले, हे लिहायला लाज वाटत नाही. इतकी दमले होते. तेवढ्यात त्यांनी येऊन काचेवर टकटक केले.

"ओढणार कशानं?" त्यांनी विचारले.

मी म्हटले, "व्हर्जिलच्या ट्रॅक्टरनं."

"व्हर्जिलच्या? तो हिसका दिल्याशिवाय गाडी सुरू करत नाही. डेलमार कुठे असणार तेव्हा?"

"आत. पलंगावर. उठायलाच तयार नाहीत."

डेलमार आजारी पडले त्या साली आमचा मका शेतात उभा होता. शेजारचे सगळे आपापली कापणीची यंत्रे घेऊन आले आणि एका दिवसात पीक घरात टाकून गेले. त्यात श्री. वेलब्रोक होते. शेवटची रांग त्यांनीच काढली होती.

ते म्हणाले, "डेलमार आत असेल तर व्हर्जिलच्या हातात देऊ नकोस. माझा मोठा ट्रॅक्टर घेऊन येतो. सूर्य वर यायच्या आत सुरुवात करायची, जमीन गोठलेली असेपर्यंत. दहानंतर चिखल होतो, मग हिसके बसतात."

मी विचारले, "आणि सही?"

"सही नाही."

"आणि मत?"

"मत मी मलाच देणार. एवढं काय वेड लागलंय?" असे म्हणून ते परत ट्रॅक्टरखाली गेले.

११. वरील सर्व परिस्थिती ध्यानात घेऊन माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. एक, शनिवार दिनांक २३ मार्चला सकाळी आपण स्वतः यावे, ओर्टेगाबाईंनाही आणावे, आणि पलंग रेघेच्या अलीकडे आला की तिथल्या तिथे तसे लिहून शिक्का मारावा. कॉफी आणि खसखस भरलेली कोलाची, म्हणजे छोटे गोड पाव, मी देईन, ती लाच समजू नये, कारण ती ट्रॅक्टरवाल्यांनाही आहेत आणि गेलन आला तर त्यालाही मिळतील. दोन, श्री. वेलब्रोक यांची कागदावरची सही मागण्याचा आग्रह परवान्याच्या टेबलाने सोडावा. जो माणूस स्वतः साखळी बांधून खोली ओढतो आहे त्याची संमती आहे की नाही, याबद्दल आपल्या कचेरीत शंका राहू नये. तीन, परवाना मिळो न मिळो, खोली शनिवारी हलणार आहे. ही विनंती नसून माहिती आहे. यासाठी दंड असेल तर तो मला करावा, आर्लिन यांना नव्हे. चार, एवढे होऊनही माझे नाव वगळायचे ठरलेच, तर मग मी राहते कुठे, हे आपण एका ओळीत सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावे. टेरेसाने विचारले, जोसीने विचारले, परवा टपालवाल्यानेही विचारले. मला उत्तर देता येत नाही.

१२. मी निवडून येईन असे माझे म्हणणे नाही. कॉफीच्या टेबलाचा भरवसा मी कधीच सोडला आहे. लोकांनी मला पाडले तर मी मुकाट घरी येईन, आणि उन्हाळ्याची सुट्टी संपली की जोसीसाठी डबा घेऊन बसच्या थांब्यावर उभी राहीन. पण लोकांनी पाडावे. विमानातून काढलेल्या रेघेने पाडू नये. अर्ज वाचून झाल्यावर आपण म्हणाल, की नियमात अधिकाऱ्याने असे घरी येण्याची तरतूद नाही. नसेल. महोदय, ज्यांची जागा माझ्यामुळे जाऊ शकते, ते शनिवारी पहाटे ट्रॅक्टर घेऊन येत आहेत. आपण निदान मोजपट्टी घेऊन या.

उत्तराची नव्हे, आपली वाट पाहणारी,

(सही)
सौ. लव्हॉन डेलमार कुचेरा
विलो फोर्क
दिनांक: २१ मार्च २०२४, गुरुवार

सोबत:
१. ओर्टेगाबाईंनी काढलेल्या नकाशाची प्रत. खोली जिथे येणार ती जागा मी पेन्सिलीने दाखवली आहे.
२. डेलमारना तपासणाऱ्या परिचारिकेचे पाठीच्या चट्ट्याबद्दलचे पत्र.
३. परवान्याचा अर्ज, ऑस्टर्विलच्या अध्यक्षांच्या सहीसह. श्री. वेलब्रोक यांच्या सहीची जागा रिकामी आहे. ते शनिवारी साडेसहापासून आमच्या अंगणात भेटतील.